सिग्नेबाईच्या नावची मूठ

गुरुवारी दुपारी मी कानबाईच्या रोटांचे गहू निवडत बसले होते आणि माझी नात चेतना पलंगावर पाय पसरून मोबाइलमधून मला माझ्याबद्दलच वाचून दाखवत होती. "तापीकाठच्या एका गावात भिकू नावाची एका शेतकऱ्याची गर्विष्ठ बायको आहे," असं तिनं वाचलं, आणि चिमटीत धरलेला खडा मी पुन्हा सुपात टाकला. बहात्तर वर्षांत मला तोंडावर गर्विष्ठ म्हणणारी एकच बाई झाली, माझी सासू, आणि तिला जाऊन तीस वर्षं झाली. "हाई कोनी लिखेल शे?" मी विचारलं. "सिग्नेबाईनं, आजी. तुमच्या दवाखान्यातल्या मडमनं. थांब ना, पुढं ऐक." चेतना लोणखेड्याच्या कॉलेजात शिकते. जुन्या मिशन दवाखान्यांवर तिला काही लिहून द्यायचं आहे. सिग्नेबाईच्या भावाच्या कुणा नातीनं तिकडे स्वीडनमध्ये म्हातारीची जुनी पत्रं मोबाइलवर टाकली, आणि मोबाइलच त्याचं मराठी करून देतो म्हणे. पन्नास वर्षांपूर्वी ती पत्रं तिच्या गावच्या चर्चच्या मासिकात छापून यायची. म्हणजे मी इकडे तव्यावर भाकरी टाकत होते तेव्हा तिकडे बर्फात बसून लोक मला वाचत होते. "दरवर्षी ऑगस्टात," चेतना वाचत राहिली, "भिकू मला तिच्या देवीला दाखवलेली भाकर आणून देते. मूर्तीला दाखवलेलं मी खाऊ शकत नाही. नाकारूही शकत नाही, कारण मग ती यायची थांबेल. मी दोन्ही हातांनी घेते आणि हसते. हे गाव बंद आहे आणि भिकू ही त्याच्या दाराची कडी आहे. मी तिला अक्षरं शिकवते आहे. पुस्तक अर्थातच आपलं आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा." मग पोरगी माझ्याकडे पाहून हसली. "आजी, तू फेमस!" मी म्हटलं, "पाय खाले घे. गहूले लागतीन."

भाकर. रोटाला तिनं भाकर म्हटलं, त्याचं मला वाईट वाटलं नाही, परक्या बाईला काय कळणार. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नाही. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची कुळाची देवी, बसते. त्याच्या आदल्या दिवशी घरातली मोठी बाई गहू मोजते, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बाईच्या नावाची मूठ नसते, बाईनं फक्त मोजायचं. चक्की धुऊन घ्यायची, त्या पिठात दुसरं पीठ येऊ द्यायचं नाही, आणि त्याचे रोट झाले की ते फक्त कुळातल्यांनी खायचे, पुनवेच्या आत संपवायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा ते चालत नाहीत. आणि मी काय केलं, तर माझा मुलगा हेमकांत जन्मला त्या वर्षी त्याच्या नावची पहिली मूठ टाकताना लगोलग आणखी एक सव्वा मूठ टाकली. मनात म्हटलं, ही सिग्नेबाईची. बाईची नाही, परक्या जातीची नाही, पुरुषाची मूठ, कुळातली. सासूनं परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिची नजर तेव्हाच अधू झालेली होती, पण मोजायला तिला डोळे लागत नसत. बोलली काही नाही. तेव्हापासून एकावन्न श्रावण झाले. सिग्नेबाई परत गेली तरी मी थांबले नाही. तिच्या वाट्याचा रोट मग मीच खात आले. जेवताना शेवटी, सगळे उठल्यावर. मला तर वाटायचं, ती तिकडे आहे, आणि इकडे तिचं घर आहे, आणि घरातल्या माणसाचं ताट असं झाकून ठेवतातच.

हेमकांत पायाकडून येत होता. सुईण दोन दिवस माझ्या उशाशी बसून थकली आणि म्हणाली की आता देवाचं नाव घ्या. देवाचं नाव घेऊन घेऊन माझं तोंड कोरडं पडलं होतं. आमचे मालक पितांबर पाटील एरवी आईच्या शब्दाबाहेर नसत, पण त्या दिवशी त्यांनी गाडी जुंपली. सासू दारात आडवी उभी. "मरनी ते मरनी, पन बाटाडाले नको लई जाऊ." गाडी तिच्या अंगाला घासून गेली. तेवढं एकच काम त्या माणसानं जन्मात माझ्यासाठी आईच्या विरुद्ध केलं, आणि तेवढ्यावर मी त्याच्याशी अडतीस वर्षं नांदले. दवाखाना शिवेवर होता, सारंगखेड्याच्या रस्त्याला, कौलारू, तीन खोल्यांचा. आत शिरल्यावर फिनेलचा वास आला आणि त्याच्यामागून बिनदुधाच्या कॉफीचा, जळकट. तो वास मला अजून कुठं आला की पोटात कळ येते आणि बरंही वाटतं. सिग्नेबाईचे हात कोपरापर्यंत लाल झालेले, त्यावर तांबूस ठिपके, जसे पिकत आलेल्या केळीवर येतात. ती माझ्या कानाशी काहीतरी म्हणत होती. मला वाटलं धीर देते आहे. आता वाटतं तिच्या देवाला सांगत असेल. तेव्हा मला त्यातला फरक करायचं कारण नव्हतं. पोर बाहेर आलं, निळं होतं, तिनं त्याच्या तोंडाला तोंड लावून वारा भरला. हेमकांतच्या पोटात पहिला वारा गेला तो तिचा.

मग मी तिच्याकडे जात राहिले. आधी पोराला दाखवायला, मग पोराचं निमित्त करून. दुपारी रोगी संपले की ती ओसरीवर खुर्ची टाकून लोकर विणत बसे, ऐन मे महिन्यात, तापी आटून नुसते गोटे उरलेले असताना. कुणासाठी विणतेस विचारलं तर म्हणायची, तिकडे भाऊ आहे. मी तिला भाकरी थापायला शिकवलं. तिच्या भाकरीला कधी पदर सुटला नाही. तिच्या पायांना काळ्या मातीच्या भेगा पडत, आमच्यासारख्याच, मी एरंडेल नेऊन दिलं. ती सायकलवरून गावात शिरली की सारंगखेड्याच्या जत्रेतला घोडा आल्यासारखी पोरं मागून पळत. आणि पाटी तिनं दिली. मला दोन यत्तांनंतर शाळेतून काढलं होतं, शेण कोण लावणार म्हणून. अक्षरं विसरली होती, ती तिनं उकरून काढली. पुस्तकात एक मेंढरू होतं, हरवलेलं, आणि एक दाढीवाला त्याला खांद्यावर घेऊन येतो. मला काय ठाऊक नव्हतं का, ते कोणाचं पुस्तक आहे? गाय ओळखते, म्हैस ओळखते, मी मेंढरूवाला ओळखणार नाही? पण मला वाटायचं, तिच्याकडे हेच पुस्तक आहे म्हणून ती हेच देते. आमच्या घरात रोट आहे म्हणून मी रोट देते, तसं. मी त्या मेंढरावर बोट ठेवून वाचायचे आणि ती माझ्याकडे बघायची, आणि त्या बघण्यावर मी कितीतरी वर्षं जगले आहे. सासू जे बघायची नाही, मालक जे बघायचे नाहीत, ते. आता चेतना म्हणते की ती कडी बघत होती.

संध्याकाळी हेमकांत ऑफिसातून आला तर चेतनानं त्यालाही वाचून दाखवलं. तो सोफ्यावर बसून मोजे काढत म्हणाला, "मी म्हंतच व्हतो ना. हा लोक दवाखाना काढाले नही येल, बाटाडाले येल व्हतात. आपला ग्रुपवर रोज येस." "तू बाटना का?" मी विचारलं. "माय, मुद्दा तो नही शे." "तुन्हा तोंडमा तिन्ही तोंड घालीसन वारा भरना. त्याबरोबर येशू पोटमा गया का? गया व्हई तर सांग, उलटी करी टाक." सून ममता चहाचे कप तसेच घेऊन परत स्वयंपाकघरात गेली, हसू दाबायला. चेतना म्हणाली, "आजी, पप्पांचं पण चूक आहे आणि तुझं पण. ते सगळं सत्तेचं असतं. ज्याच्या हातात औषध, त्याच्या हातात माणूस." पोरीनं हे पुस्तकात वाचलेलं. पण आमच्या सासूच्या हातात घराची किल्ली होती, तेव्हा मी कोणाच्या हातात होते, ते कुठल्या पुस्तकात आहे? मग चेतनानं शेवटचं पत्र वाचलं, म्हातारपणचं. "आता इथले तरुण पाद्री म्हणतात, तुम्ही नुसतं बरं करायचं होतं आणि गप्प राहायचं होतं. मी त्यांना सांगते, गप्प राहायचं असतं तर मी गेलेच नसते. गप्प बसायला तितक्या उन्हात कोणी जात नाही. मी चुकले असेन, पण मी खोटं बोलले नाही. फक्त एका भाकरीबाबत बोलले." त्याच्या खाली तिच्या भावाच्या नातीनं लिहिलं होतं की सिग्नेआजी २००३ साली वारली.

२००३. तिनं रोट खाल्ला होता या हिशेबानं ती आमच्या कुळातली, आणि मी तिचं सुतक धरलं नाही. तेराव्याला गोड केलं नाही. आणि त्यानंतर बावीस वर्षं मेलेल्या माणसाच्या नावची मूठ टाकत आले. मालक गेले तेव्हा त्यांची मूठ मी त्याच वर्षी थांबवली होती, तो नियमच आहे. मग दुसऱ्या क्षणाला वाटलं, तिनं तर खाल्लाच नाही. म्हणजे ती कधी कुळात आलीच नव्हती, सुतक कसलं आणि तेरावं कसलं? या दोन गोष्टी रात्रभर, नाही, आठवडाभर डोक्यात जात्यासारख्या फिरल्या असत्या, पण माझ्याकडे दोनच दिवस होते. शनिवारी गहू मोजायचे होते. मूठ थांबणार हे ठरलेलं होतं. पण ती मेली म्हणून थांबवायची की खोटी निघाली म्हणून, हे मला कळायला हवं होतं. मेली म्हणून थांबवली तर माझी एकावन्न वर्षं जागेवर राहतात. खोटी म्हणून थांबवली तर ती सगळी दुपार, ओसरी, लोकर, मेंढरू, सगळं दुसऱ्या कुणाचं होतं असं होतं. आणि पहाटे दूध तापवताना एकदम तिसरंच मनात आलं, आणि मला गॅस बंद करावा लागला. मी तिला सांगितलं होतं का, की तुझ्या नावची मूठ टाकते म्हणून? नाही. तिला विचारलं होतं का, की आमच्यातली होतेस का? नाही. मी रोट हातात ठेवला आणि वाट पाहिली, की तो तिच्या पोटात जाईल आणि ती आमची होईल. तिनं पुस्तक हातात ठेवलं आणि वाट पाहिली. दोघी ओसरीवर बसून एकमेकींची वाट पाहत होतो.

खरं सांगणारं माणूस एकच उरलं होतं, मीनाबाई. सिग्नेबाईच्या दवाखान्यातली आया. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातली भिलाची पोर, लहानपणी आई-बाप गेले म्हणून दवाखान्यात आली आणि तिथंच ख्रिस्ती झाली. आता लोणखेड्याला नातीकडे राहते. शुक्रवारी मी चेतनाबरोबर बसनं गेले. प्रकाशा गावाच्या पुलावरून तापी दिसली, गढूळ, काठोकाठ, आणि मी हात जोडले. चेतना मला दारापर्यंत सोडून कॉलेजात गेली. मीना दारातच खाटेवर बसून शेंगा सोलत होती. दात गेलेले, पण केस माझ्यापेक्षा काळे.

"कोन? पाटलीनबाई?" तिनं कपाळावर हात धरून पाहिलं. "जित्ती शेस आजून?"

"तुले पोचाडाले थांबेल शे."

"मंग बठ. खाटवर बठशी का इटाळ व्हई?"

मी खाटेवर बसले. तिनं शेंगांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघी सोलायला लागलो. बायकांना हात रिकामे असले की खरं बोलता येत नाही.

"मीना, मी सिग्नेबाईले कानबाईना रोट दे. ती काय करे त्यानं?"

"तो व्हय?" ती हसली, आणि हसताना तिचं सगळं अंग हललं. "तो मी खाऊ! तू गई का डबामाईन काढीसन मले दे. म्हने, मीना, मले खाता येत नही आनि फेकाना जीव व्हत नही, तू खाय. मी दूधमा कुस्करीसन खाऊ. झकास लागे वं माय."

"कितला वरीस?"

"ती गई तठलोंग. आठ-नऊ."

आठ-नऊ वर्षं आमच्या कुळाचा रोट या बाईच्या पोटात गेला. सासू असती तर तिथल्या तिथे दुसऱ्यांदा मेली असती. मला राग यायला हवा होता आणि मला हसू आलं. मी म्हटलं, "आनि ती? तिले मन्हावर माया व्हती, का मी नुसती कडी व्हतू?"

मीनानं शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "ते तिलेबी माहीत नव्हतं. तू रोट दिसन गई का ती डबा मांडीवर ली बसे. अर्धा अर्धा तास. मी म्हनू, बाई, खाई टाक नही तं मले दे. ती आयकेच नही."

बाहेर कॉलेजच्या पोरांच्या मोटारसायकली जात होत्या. मला एकदम हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं की मला देण्याची हुक्की येते, हा माझा जुना स्वभाव, मोठ्या घरच्या बाईचा. मी म्हटलं, "मंग ती मूठ तुन्हीच शे, मीना. खादं तू. औंदा तुन्हा नावनी टाकस. भर भाऊबंदकीमा सांगीसन टाकस."

मीनाचं हसू थांबलं. "नको."

"कसाले नको? मी देस ना."

"म्हनीसनच नको." तिनं टोपलं आपल्याकडे ओढलं. "सिग्नेबाई मले तीन वरीस इचारत ऱ्हायनी, मीना, तुले येनं शे का? मी नही म्हनू, ती परत इचारे. तू तर इचारतबी नही. सांगी ऱ्हायनीस."

इतकं मला कुणी बोललेलं नाही. मी बोलते, लोक ऐकतात. माझ्या तोंडून मग तेच निघालं जे पन्नास वर्षं गावात प्रत्येकाच्या तोंडी होतं. "मंग तू का गई त्यासनामा? दूधनी पावडरसाठे?"

"पावडर तर तुन्हा पोऱ्याबी पिना," मीना म्हणाली. "डबाना डबा पिना. तो कोठे ख्रिस्ती व्हयना?"

मी हातातली शेंग सोलली.

"तुन्हा घर मी औषध ली ये, तवय तुन्ही सासू मले वरतून पानी वाढे, वंजयमा. तू मांगे उभी ऱ्हाय. ती बाई मन्हा हातना च्या पिये."

"इतलंच?"

"तुले इतलंच वाटस, पाटलीनबाई."

मी त्या ओंजळीकडे पाहत होते, जी आता तिथं नव्हती. आमच्या ओट्याच्या खाली वाकलेली एक वीस वर्षांची पोर, कोपरांवरून पाणी गळतं आहे, कडेला औषधाची पिशवी ठेवलेली, आणि मी मागे, काखेत हेमकांत, त्याच औषधावर वाढणारा. मला ते सगळं दिसलं होतं तेव्हाही. मला त्यात काही दिसलं नव्हतं. मी ज्या बाईला परक्या मुलखातून उचलून पुरुषाच्या मुठीनं कुळात घेत होते, तिच्याच शेजारी ही उभी होती, हातभर अंतरावर, आणि हिचं नाव मला परातीशी कधी आठवलं नाही. सिग्नेबाई गोरी होती, मोठी होती, तिला आपलं म्हणण्यात माझंच मोठेपण होतं. हे कळायला मला कुणाचं पत्र लागलं नाही.

"च्या कर, मीना," मी म्हटलं. "तुन्हा हातना पिस."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "कानबाई शे ना तुन्ही परवा? तू ते ह्या दिनमा बाहेरनं पानी बी पेत नही."

"कानबाईनं मी पाही लिसू."

"आज नही करत." ती शांतपणे म्हणाली, रागानं नाही, उकळत्या दुधाखालचा जाळ काढावा तसं. "आज तू च्या पिशी ती तुन्हा जीवले बरं वाटाले पिशी. तुन्हं काम निंघी जाई आनि मन्हा कप धवाना ऱ्हाई. पुढे ये कधी. काही काम नसतांना ये."

परतीच्या बसमध्ये घसा कोरडा होता. चेतनानं पाण्याची बाटली पुढं केली, मी नको म्हटलं. तिनं विचारलं, काय म्हणाली मीनाआजी, मी लिहून घेऊ का? मी म्हटलं, तुला विचारायचं असेल तर तूच जा आणि तिला विचार, आणि ती नाही म्हणाली तर परत ये. पोरीनं बाटली पिशवीत टाकली. तापी आली तशी गेली.

शनिवारी सकाळी ममतानं परात आणून ठेवली, चक्की धुऊन घेतली असं सांगितलं. मी पाटावर बसले. हेमकांतच्या नावची, दिरांच्या नावची, पुतण्यांची, त्यांच्या पोरांची, एकेक नाव घेत सव्वा सव्वा मूठ परातीत पडत गेली. सगळी नावं संपली. मग हात आपोआप पुन्हा गोणीत गेला, भरला, मिटला आणि वर आला. एकावन्न वर्षांची सवय, तिला मी कशी सांगणार. ममता समोर बसून पाहत होती. मूठ माझ्या हातात गच्च होती, बोटांच्या फटीतून दोन-चार दाणे निसटत होते. मला ओसरी दिसली, मांडीवर डबा घेऊन बसलेली ती, तिच्या हातांवरचे ठिपके, आणि तिच्या खांद्यामागे आत फरशी पुसणारी मीना. सिग्नेबाई, मी म्हटलं, तू मला सोडलं होतंस की नाही ते मला ठाऊक नाही, मी तुला सोडते. ती मूठ मी गोणीवर उघडली. गहू गव्हात मिसळला, कुठला कोणाचा होता ते पुन्हा शोधता आलं नसतं.

"माय, झालं का?" ममतानं विचारलं. "दरसाल यापेक्षा थोडा जास्ती भरतस."

"तू मोजे का?"

"नही मोजत. दिखस."

म्हणजे हिलाही दिसत होतं, सासूला दिसलं होतं तसं, आणि हीही इतकी वर्षं गप्प राहिली. या घराच्या सुना मला वाटतात तितक्या भोळ्या नाहीत. "दळाले लई जाय," मी म्हटलं. "आनि आयक. सोमवारले कानबाई नदीवर जाई. मंगळवारे घर आवरू. बुधवारे मी लोणखेडाले जाई ऱ्हायनी."

"परत? आत्ते तर जाई येल शेतस. काही काम शे का?"

"नही," मी म्हटलं. "काम काहीच नही."